पात्र बदलतं ते कसं? कथा लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात मराठीतून कथा लिहिणारी मंडळी बाहेरच्यांना वाटतात त्याहून बरीच जास्त आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, कारेलीबाग अशा भागांतून हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात आणि त्यांच्या मागोमाग प्रश्नही येतात. घरावर काहीतरी कोसळतं, कोणाच्या तरी गळ्यात जबाबदारी पडते आणि तो माणूस बदलतो, हा विषय त्यात सारखा भेटतो. विषय जुना असला तरी त्यात अजून खूप लिहिण्यासारखं आहे. फक्त तो बदल वाचकाला पटला पाहिजे. पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

पात्र बदललं असं कधी म्हणायचं?

एखादं काम तो आधी एका पद्धतीनं करायचा, तेच काम आता दुसऱ्या पद्धतीनं करतो आणि लेखकानं न सांगता ते वाचकाच्या लक्षात येतं, तेव्हा. ‘तो आता पूर्वीचा राहिला नव्हता’ असं वाक्य लिहावंसं वाटलं तर थांबा आणि आधीची दहा पानं पुन्हा वाचा. बदल त्या पानांत असेल तर हे वाक्य नको. नसेल, तर या एका वाक्यानं तो येणार नाही.

माणसाला बदलतं कोण, संकट की जबाबदारी?

माझं मत स्पष्ट आहे. संकट माणसाला हलवून सोडतं, पण त्याला बदलते ती संकटानंतर रोज निभवावी लागणारी जबाबदारी. वडील गेले त्या रात्री मुलगा रडतो, सुन्न होतो, भिंतीकडे बघत बसतो. पण त्या रात्री तो बदलत नाही. तेराव्यानंतर पाहुणे आपापल्या घरी जातात, विजेचं बिल येतं, दुकानातला माणूस पगार मागायला दारात उभा राहतो आणि बहिणीच्या कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख जवळ येते. बदल सुरू होतो तो तिथून.

नवे लेखक बहुतेक वेळा सगळी ताकद त्या पहिल्या रात्रीवर खर्च करतात. हॉस्पिटलचा कॉरिडॉर, डॉक्टरांचा उतरलेला चेहरा, आईचा हंबरडा. हे सगळं वाचकानं खूपदा वाचलेलं असतं. पुढच्या तीन महिन्यांत काय झालं ते मात्र क्वचितच कोणी लिहितं.

संकट मोठंच असावं लागतं का?

नाही. पण मोठं घ्यायचंच असेल तर आपल्या गावात ते दूर शोधायला जावं लागत नाही. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस पडला. विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली, मगरी वस्तीत शिरल्या. एका पोलीस अधिकाऱ्यानं बाळाला प्लास्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर धरून खोल पाण्यातून बाहेर काढलं. तो फोटो देशभर गाजला. ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा तेच पाणी घराघरांत होतं.

अशा पुरावर कथा लिहिताना टबातल्या बाळाचा मोह सगळ्यांनाच होतो. यमुना ओलांडणारा वसुदेव वाचकाला आपसूक आठवतो आणि कथा तिथेच उंच गेल्यासारखी वाटते. मला त्या प्रसंगाबद्दल मनापासून आदर आहे, पण कथेतल्या पात्राची खरी परीक्षा पाणी ओसरल्यावर सुरू होते. घरात गुडघाभर गाळ, गाद्या फुगलेल्या, फ्रीज आडवा पडलेला, विम्याच्या माणसाला दाखवायला पावत्या नाहीत कारण पावत्याच भिजल्या. अशा घरात ज्या मुलीनं कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं, ती शेजारच्या आजींच्या देवघरातला गाळ चमच्यानं काढत बसली, तर वाचक तिच्याकडे बघायला लागतो.

लहान संकटही पुरतं. बदली, मोडलेलं लग्न, घरमालकाची नोटीस, आजोबांचा हळूहळू वाढणारा विसराळूपणा. आकार बघू नका. त्यातून रोजचं कोणतं नवं काम पात्राच्या वाट्याला येतं ते बघा. काहीच येत नसेल तर संकट कितीही भयंकर असो, ते नुसतं सजावटीला राहतं.

जबाबदारी अंगावर आली की माणूस लगेच शहाणा होतो का?

होत नाही, आणि याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या शहरातच आहे. कथेतलं नव्हे, इतिहासातलं.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात 1863 मध्ये जन्मलेला गोपाळ हा शेतकरी घरातला मुलगा. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांना 1875 मध्ये पदच्युत केल्यावर आधीच्या महाराजांच्या, खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. बारा वर्षांचा मुलगा एका दिवसात सयाजीराव गायकवाड झाला. ‘तू इथे कशाला आलास?’ असं विचारल्यावर ‘राज्य करायला’ असं त्यानं उत्तर दिलं, ही आख्यायिका बडोद्यात प्रत्येकानं ऐकलेली असते. सयाजीरावांवर लिहू पाहणारे लेखक ह्या उत्तरापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. बाराव्या वर्षीच जो पूर्ण राजा आहे, त्याच्यात पुढे बदलायला उरलं काय?

राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले ते डिसेंबर 1881 मध्ये. मधल्या सहा वर्षांत कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते आणि मुलगा शिकत होता. कादंबरी आहे ती या सहा वर्षांत. गावातल्या भावंडांबरोबर जमिनीवर बसून जेवणारा मुलगा, आता समोर कोण बसलंय त्यावर कसं जेवायचं ते ठरतं. बोली खानदेशाच्या अंगाची, दरबार मराठी आणि गुजराती, शिक्षक इंग्रज. मान मिळतो पण हुकूम चालत नाही. ज्याला सगळे मुजरा करतात त्याला संध्याकाळी गणितं सोडवायची आहेत. पद आलेलं आहे आणि माणूस अजून त्या पदापर्यंत पोचलेला नाही, हे अंतर तुमच्या पात्रात असू द्या. कारकून असो वा सरपंच, नवी सून असो वा नवी मुख्याध्यापिका, प्रत्येकाची अशी सहा वर्षं असतात. कोणाची सहा महिन्यांत संपतात.

आणखी एक गोष्ट. ह्याच राजानं 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. ज्याचं शिक्षण उशिरा सुरू झालं त्यानं ते इतरांसाठी वेळेवर आणलं. पात्राच्या बदलाला अशी दिशा मिळाली की वाचक मागे वळून सुरुवात पुन्हा वाचतो. मात्र ‘मी लहानपणी शिकलो नाही म्हणून…’ असलं भाषण त्याच्या तोंडी घालू नका. दोन प्रसंग योग्य अंतरावर ठेवा, जोडायचं काम वाचक करतो आणि त्याला ते आवडतं.

बदल दाखवायचा म्हणजे प्रत्यक्ष काय लिहायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊन सविस्तर सांगते.

समजा, दांडिया बाजारातल्या एका बोळात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, बिलबुकं, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं. मालकाचा मुलगा नीरज तेवीस वर्षांचा. त्याला छापखान्यात रस नाही. वडील बाहेर गेले की तो काउंटरवर बसतो आणि मोबाइल बघतो. एकदा कोणी पत्रिकेचं प्रूफ तपासायला मागतं. तो वरून खाली नजर फिरवतो, ‘बरोबर आहे’ म्हणतो. पत्रिका छापून होतात आणि ‘आपले नम्र’खालच्या यादीत नवरीच्या धाकट्या मामाचं नावच नसतं. वडील गुपचूप चारशे पत्रिका स्वतःच्या खर्चानं पुन्हा छापून देतात. नीरजला हे सगळं अती वाटतं. एका नावासाठी एवढं?

मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका येतो. आता लिहायचं काय?

पहिला आठवडा: त्याला कागदाच्या रिमचा भाव माहीत नाही, म्हणून तो गिऱ्हाइकाला दर चुकीचा सांगतो आणि तोट्यात काम घेतो. तिसरा आठवडा: उधारीची वही उघडतो, तेव्हा कळतं की वडिलांनी कित्येकांकडे पैसे मागितलेलेच नाहीत. त्याला राग येतो. तो मागायला जातो. एका घरी अपमान होतो, दुसऱ्या घरी चहा मिळतो आणि पैसे मिळत नाहीत. दोन महिन्यांनी एक गुजराती कुटुंब लग्नाची कंकोत्री छापायला घेऊन येतं. रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढून नीरज प्रूफ वाचतोय. नावाखाली बोट ठेवून, ओठ हलवत. एका जागी थांबतो. मुलीकडच्या बाजूला तीन मावश्यांची नावं आहेत, मामा एकही नाही. घरात मामा नसेलही. तरी तो फोन उचलतो. ‘माफ करजो, मोडुं थयुं छे, पण एक वात पूछवी हती.’

एवढंच. ‘त्याला वडिलांची आठवण झाली’ हे लिहायचं नाही. ‘आता त्याला कळलं की’ हे तर अजिबातच नाही. जुनं प्रूफ आणि नवं प्रूफ, मधे साठ पानं. प्रसंग तोच, माणूस तोच, फक्त बोट आता ओळीखाली आहे.

यात एक गोष्ट मुद्दाम केली आहे. त्याला उधारी मागायला पाठवलं, जे वडील कधी करत नव्हते. जबाबदारी घेणारा मुलगा वडिलांची नक्कल झाला तर तो बदल खोटा वाटतो. काही बाबतींत तो त्यांच्यासारखा होईल, काही बाबतींत त्यांच्या विरुद्ध जाईल आणि घरात त्यावरून भांडणंही होतील.

आजूबाजूच्या माणसांचं काय करायचं?

त्यांना विसरू नका. पात्राचा बदल पुष्कळदा त्याच्यापेक्षा इतरांच्या वागण्यात आधी दिसतो. वरच्या उदाहरणात छापखान्यात तीस वर्षं मशीन चालवणारे एक काका आहेत असं धरा. त्यांनी नीरजला कडेवर घेतलेलं आहे. ते त्याला ‘नीरू’ म्हणतात, अरे-तुरे करतात. एके दिवशी गिऱ्हाइकासमोर ते सहज म्हणतात, ‘शेठना विचारून सांगतो.’ शटर बंद झाल्यावर पुन्हा ‘नीरू, डबा खाल्लास का?’ हे दोन्ही ठेवा. त्याला ‘शेठ’ ऐकून आनंद झाला की लाज वाटली, हे सांगायची गरज नाही. तो मान खाली घालून कॅल्क्युलेटरवर आकडे दाबतो, इतकं पुरेल.

तसंच आईचं. ‘कधी येणार?’ असं विचारणारी आई ज्या दिवशी ‘आज किती जमले?’ असं विचारते, त्या दिवशी घरातली एक भिंत सरकलेली असते.

स्त्री पात्रांच्या बाबतीत वेगळं काही असतं का?

असतं, आणि ह्याकडे मला जरा जोर देऊन लक्ष वेधायचं आहे. आपल्याकडच्या कथेत नवरा आजारी पडतो आणि बायको ‘कंबर कसून उभी राहते’. पण ती आधी काय बसून होती? स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलांचा अभ्यास, सणवार, देणीघेणी, हे सगळं तीच तर ओढत होती. काम तिच्या वाट्याला नव्यानं येत नाही. नव्यानं येतो तो अधिकार. बँकेतली सही. भाडेकरूशी बोलताना कोणाला पुढे न करणं. दिरानं ‘वहिनी, तुम्ही राहू द्या, मी बघतो’ म्हटल्यावर ‘नको भाऊजी, मीच बघते’ म्हणणं आणि ते म्हणताना हातातलं भांडं खाली न ठेवणं.

तिचा बदल लिहायचा तर कष्टांची यादी देऊ नका. आधी जो निर्णय ती दाराआडून ऐकत होती, तो निर्णय आता ती कसा घेते, पहिल्यांदा चुकीचा घेते का आणि घरातले ती चूक किती दिवस ऐकवतात, हे लिहा. पुरुषाची चूक घर लवकर विसरतं.

दुःखानं माणूस नेहमी चांगलाच होतो का?

मुळीच नाही, आणि कथेनं असा दिलासा देत बसू नये. हरि नारायण आपट्यांची यमू आठवा. ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘करमणूक’मधून क्रमशः आली. यमूला नवरा चांगला मिळतो, ती शिकते, मुंबईत थोडा मोकळा श्वास घेते. मग तो जातो आणि तिचं जबरदस्तीनं केशवपन होतं. तिच्यावर जे आलं त्यानं ती कणखर वगैरे झाली नाही, ती मोडली. पण मोडण्याआधी तिनं स्वतःची हकिगत स्वतःच्या शब्दांत सांगितली आणि ते शब्द तिला त्या थोड्या चांगल्या वर्षांनी दिलेले होते. सव्वाशे वर्षांनंतरही ती कादंबरी अंगावर येते, कारण लेखकानं तिला खोटा विजय दिला नाही.

हालअपेष्टांनी माणूस कंजूष होतो, संशयी होतो, मुलांवर खेकसायला लागतो. भूक पाहिलेला माणूस पुढे सुबत्ता आली तरी डब्यातली शेवटची पोळी लपवून ठेवतो. हाही बदलच आहे. लिहिताना त्याची बाजू घ्या, न्यायनिवाडा करायला बसू नका.

जुना स्वभाव मधेच डोकावला तर चालेल का?

डोकावलाच पाहिजे. इथे मी नेहमी युधिष्ठिराचं उदाहरण देते. द्यूतात त्यानं राज्य, भाऊ, द्रौपदी, सगळं घालवलं. वनवासात बृहदश्व ऋषींनी त्याला नलाची कथा सांगितली आणि अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या दिली. आता गंमत बघा, अज्ञातवासासाठी त्यानं निवडलं काय? विराटाच्या दरबारात कंक नावाचा द्यूत खेळणारा सोबती! ज्या गोष्टीनं सर्वनाश केला तिच्याजवळच तो पुन्हा जाऊन बसला. व्यासांनी त्याचा मोह पुसून टाकला नाही. त्या मोहाशी त्याचं नातं बदललं.

आणि ते बदललेलं नातं दिसतं एका प्रसंगात. उत्तरानं कौरवांना हरवलं असं समजून विराट हर्षभरित आहे, फासे मांडायला सांगतो. कंक आधी द्यूताचे दोष सांगतो, मग खेळतो. विराट मुलाचं कौतुक करतो, कंक पुन्हा पुन्हा बृहन्नडेचं, म्हणजे वेषांतरातल्या अर्जुनाचं. चिडलेला राजा फासा त्याच्या तोंडावर मारतो. नाकातून रक्त येतं. ते जमिनीवर पडू नये म्हणून युधिष्ठिर ओंजळीत धरतो, द्रौपदी पाण्यानं भरलेलं पात्र पुढे करते. दाराशी अर्जुन आणि उत्तर आले आहेत. युधिष्ठिर द्वारपालाला हळूच सांगतो, एकट्या उत्तराला आत सोड. कारण युद्धाशिवाय युधिष्ठिराचं रक्त काढणाऱ्याला जिवंत न सोडण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा आहे आणि त्याला आसरा देणाऱ्या राजाला वाचवायचं आहे.

एके काळी फाशांच्या नादात समोर भावांचे, बायकोचे हाल होत असताना जो गप्प बसला, तो आता अपमान करणाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचं रक्त ओंजळीत झेलतो. फासे तेच. तुमच्या पात्राची जुनी खोड कोणती ते ठरवा आणि कथेच्या शेवटाकडे ती पुन्हा त्याच्यासमोर ठेवा.

पात्र बदललंच नाही तर?

चालतं. मग त्याच्याभोवतीचं जग बदलू द्या. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त तरुण मास्तर शाळा चालवायला जातो आणि पत्रं लिहिण्यापासून तालीम बांधण्यापर्यंत गावाची कामं त्याच्यावर येत जातात. तो हळूहळू गावाचा होतो. पण कादंबरी मनात राहते ती दुष्काळानं ओस पडलेल्या वाडीमुळे. माणूस तयार झाला, तोवर ज्यांच्यासाठी तयार झाला ते गाव पांगलं. असा शेवट लिहायला धीर लागतो.

बडोद्याची मराठी वापरली तर महाराष्ट्रातल्या वाचकाला कळेल का?

कळेल. आपल्या घरांत गुजराती शब्द सहज येतात, पात्र दुकानात गुजरातीत आणि घरात मराठीत बोलतं, ते तसंच ठेवा. माणूस कोणत्या भाषेत रागावतो आणि कोणत्या भाषेत हिशेब करतो, यातून त्याची ओळख होते. नवी जबाबदारी आली की भाषाही सरकते. आधी गुजराती गिऱ्हाइकाशी तोडकंमोडकं बोलणारा नीरज वर्षभरात उधारी मागण्याइतकं पक्कं गुजराती बोलू लागतो. फक्त दर ओळीला अर्थ समजावत बसू नका.

घरातल्याच माणसावर लिहिलं तर?

लिहा, पण ओळख पटणार नाही इतकं बदला आणि जिवंत माणूस असेल तर आधी त्याला वाचायला द्या.

बदलाला किती पानं द्यायची?

लघुकथेत दोन प्रसंग पुरतात, एक आधीचा, एक नंतरचा. कादंबरीत तेच काम पाच-सहा वेळा येऊ द्या आणि मधल्या एका वेळी पात्र पूर्वीपेक्षाही वाईट वागू द्या. हस्तलिखित झाल्यावर रंगीत पेननं फक्त ते प्रसंग खुणा करून एका दमात सलग वाचा. त्यातला एखादा काढून टाकला आणि काहीच बिघडलं नाही, तर तो काढाच.